नायट्रोजन फिरवून हायड्रोजन मोजणारं उपकरण: ॲल्युमिनियम फाउंड्रीने घ्यावं का?

रस (वितळलेला धातू) भट्टीत असतानाच त्यात हायड्रोजन किती आहे हे सांगणाऱ्या उपकरणांमध्ये नायट्रोजन फिरवून मोजणारी जात सर्वांत जुनी आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस रॅन्सली, टॅल्बट आणि बार्लो यांनी ब्रिटनमध्ये ती प्रथम उभी केली आणि ती टेलिगॅस या नावाने ओळखली गेली. पुढे कॅनडाच्या अल्कन या ॲल्युमिनियम कंपनीने त्याच कल्पनेवर ॲल्स्कॅन विकसित केलं. आज त्या वळणाची उपकरणं कारखान्यात ढकलगाडीवर बसवलेली दिसतात. हे परीक्षण एखाद्या मॉडेलचं नाही, या पद्धतीच्या उपकरणाचं आहे.

आमचं मत आधीच सांगतो. सिलिंडर हेड, चाकाची रिम, ब्रेकचे भाग, हवाबंद लागणारी हाउसिंग असं काही ओतणाऱ्यांनी ते घ्यावं. पण पडद्यावरचा आकडा खरा निघणं हे निम्मं उपकरणावर आणि निम्मं प्रोब धरणाऱ्या माणसावर अवलंबून आहे. ही दुसरी निम्मी बाजू विक्रीच्या सादरीकरणात क्वचितच येते, म्हणून इथे तिच्यावर जास्त लिहिलं आहे.

हायड्रोजनच का मोजायचा, ते थोडक्यात. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये लक्षणीय प्रमाणात विरघळणारा वायू तो एकटाच. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना गोठतं तेव्हा, एक वातावरण दाबाखाली, रसात १०० ग्रॅमला सुमारे ०.६९ मिली हायड्रोजन मावतो. त्याच तापमानाच्या घन धातूत मावतो जेमतेम ०.०३६ मिली. म्हणजे गोठताना जवळजवळ वीसपट फरक, आणि वर उरलेला वायू डेंड्राइटच्या (गोठताना वाढणाऱ्या, फांद्यांसारख्या स्फटिकांच्या) फटींत अडकून पिनहोल (बारीक छिद्रं) तयार करतो. तापमान वाढवलं की क्षमताही वाढते: ७०० अंशांना ०.९, ७५० ला १.२५, ८०० ला १.६५ च्या पुढे. रस विनाकारण तापवून ठेवणारा मेल्टर हायड्रोजनसाठी जागा करून देत असतो.

आता उपकरण. सच्छिद्र सिरॅमिकचा प्रोब रसात बुडवायचा. आत दोन बारीक नळ्या असतात, एकीतून नायट्रोजन येतो, दुसरीतून परत जातो. छोटा पंप तोच वायू बंद वळशात पुन्हा पुन्हा फिरवतो. ॲल्युमिनियम सिरॅमिकला भिजवत नाही, त्यामुळे रस छिद्रांत शिरत नाही, पण हायड्रोजन शिरतो. वळशातल्या हायड्रोजनचा आंशिक दाब रसातल्या दाबाइतका झाला की आत-बाहेर येणं-जाणं सारखं होतं आणि आकडा स्थिरावतो. हायड्रोजनची उष्णतावाहकता नायट्रोजनच्या जवळपास सातपट असल्यामुळे वायूतला थोडासा हायड्रोजनसुद्धा तापलेल्या तारेच्या ब्रिजवर (वायूची उष्णतावाहकता मोजणाऱ्या विद्युत मंडलावर) स्वच्छ दिसतो.

म्हणजे उपकरण प्रत्यक्षात मोजतं तो दाब. १०० ग्रॅममागे किती मिली, हा आकडा त्या दाबाच्या वर्गमुळावरून काढलेला असतो. एक उदाहरण: ७२० अंशांच्या शुद्ध ॲल्युमिनियममध्ये ०.१५ मिली हायड्रोजन असेल, तर त्या तापमानाची पूर्ण क्षमता १.०४ मिली धरून दाब येतो सुमारे ०.०२ वातावरण. वळशात साधारण २ टक्के हायड्रोजन दिसायला हवा. वर्गमुळाचा एक फायदाही आहे. दाबाच्या मोजणीत १० टक्के चूक झाली तरी अंतिम आकड्यात ती ५ टक्केच उतरते.

सगळा खेळ आहे प्रोबच्या अंगाला लागलेल्या रसाचा. समजा वळशाचं आकारमान १० मिली आहे. त्यात २ टक्के हायड्रोजन भरायचा तर ०.२ मिली वायू रसातून यायला हवा. ०.१५ च्या रसात एवढा वायू साठलेला असतो १३० ते १३५ ग्रॅममध्ये, म्हणजे ५५ ते ६० घनसेंटीमीटरमध्ये. शिवाय समतोल जवळ आला की रस आपल्याकडचा सगळा हायड्रोजन देत नाही, वरचा थोडासाच देतो. त्यामुळे याच्या कितीतरी पट रस प्रोबला लागून जावा लागतो.

तो हायड्रोजन नुसता विसरण पावत, म्हणजे स्थिर रसात आपोआप पसरत, येईल का? रसातला विसरण गुणांक ७२५ अंशांच्या आसपास सेकंदाला सुमारे ०.००३८ चौरस सेंटीमीटर धरला जातो. धातूंमधल्या इतर द्रव्यांच्या मानाने हा वेग खूप मोठा आहे. तरी स्थिर रसात हायड्रोजन एका मिनिटात सरासरी ५ मिमी सरकतो, दहा मिनिटांत १५ मिमी, आणि पूर्ण तासात ३७ मिमीच्या आसपास. प्रोब नुसता बुडवून ठेवला तर त्याच्याभोवती हायड्रोजन कमी झालेला थर तयार होतो, आकडा हळूहळू चढत राहतो आणि मोजणीची वेळ संपते तेव्हा खऱ्यापेक्षा कमी असतो. चूक नेहमी कमीच्या बाजूला होते, ही यातली खरी जोखीम. रस स्वच्छ आहे असं समजून ओतला जातो आणि दोष मशीनिंगनंतर उघडा पडतो.

विसरण गुणांक मोजणाऱ्या प्रयोगशाळेत नेमकं उलटं करावं लागतं. तिथे रस अरुंद केशनळीत कोंडतात, कारण तापमानात जरा फरक पडला तरी रसात प्रवाह सुरू होतात आणि मोजलं जातं ते विसरणाऐवजी ढवळणं. कारखान्यात मात्र ते ढवळणंच हवं. म्हणून चांगल्या उपकरणासोबत प्रोब सावकाश हलवत ठेवणारी यंत्रणा येते. ती वेगळी किंमत लावून ऐच्छिक म्हणून दाखवली जात असेल तर ती किंमत मोजा. वाहत्या लॉन्डरमध्ये (रस नेणाऱ्या पन्हाळीत) प्रवाहच हे काम करतो, तिथे तिची गरज नसते. रस गरम धरून ठेवणाऱ्या होल्डिंग भट्टीत आणि तो वाहून नेणाऱ्या ट्रान्सफर लेडलमध्ये ती नसेल तर हातात येतो तो आकडा वापरण्याजोगा नाही.

हलवतानाही मर्यादा पाळायची. पृष्ठभाग फुटता कामा नये. पृष्ठभाग फुटला की नवं ऑक्साइड आत ओढलं जातं, आणि उघड्या रसावर हवेतली वाफ पडून नवा हायड्रोजन तयार होतो. आपण मोजत असलेली गोष्ट आपणच वाढवत राहतो.

मोजणीचा क्रम कागदावर सोपा आहे. प्रोब आधी रसाच्या वर धरून चांगला तापवा. गार प्रोब थेट बुडवला तर सिरॅमिक तडकतं, आणि न तडकलं तरी त्याच्या छिद्रांतली ओल पहिली काही मिनिटं आकडा फुगवते. जिथे प्रोब जाणार तिथलं ड्रॉस (रसावरची ऑक्साइडची साय) बाजूला सारून रस उघडा करा आणि लगेच बुडवा. ड्रॉसच्या सायीतून प्रोब घातला तर ती साय त्याच्या अंगाला चिकटून खाली जाते. ॲल्युमिनियम ऑक्साइडचा तो पडदा हायड्रोजन अडवतो, प्रोबची निम्मी छिद्रं निकामी होतात. सच्छिद्र भाग पूर्ण रसाखाली, तळापासून आणि भिंतीपासून लांब ठेवा, तळाच्या गाळाला लावू नका. आधी वळसा ताज्या नायट्रोजनने धुऊन घ्या, मग झडप बंद करून वायू फिरवायला सुरुवात करा. साधारण दहा मिनिटं धरून चाला. आकड्याचा आलेख आडवा झाला तरच तो नोंदवा. वेळ संपली म्हणून पडद्यावर जे असेल ते लिहून घेणं हा सर्वत्र दिसणारा प्रकार आहे आणि त्याने उपकरणावरचा सगळा खर्च वाया जातो.

तापमान. क्षमता तापमानावर अवलंबून असल्यामुळे इथे १० अंशांची चूक आकड्यात साधारण ६ टक्क्यांची चूक बनते. तापमान मोजणारं थर्मोकपल प्रोबच्या शेजारी, त्याच खोलीवर हवं. भट्टीच्या पॅनलवरचं तापमान टाकून मोजणाऱ्यांच्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत, आणि मग दोष उपकरणाला दिला जातो. भट्टीचं थर्मोकपल बर्नरच्या बाजूला किंवा जाड संरक्षक नळीत असतं. त्याचा आणि लेडलमधल्या रसाचा संबंध धरता येत नाही.

मिश्रधातूची दुरुस्ती त्याहून जास्त दुर्लक्षित आहे. सिलिकॉन आणि तांबं रसाची हायड्रोजन सामावण्याची क्षमता कमी करतात, मॅग्नेशियम वाढवतं. उपकरणात शुद्ध ॲल्युमिनियम निवडलेलं राहिलं आणि भट्टीत एडीसी-१२ (सिलिकॉन आणि तांबं असलेला ओतकामाचा मिश्रधातू) असला, तर दाखवला जाणारा आकडा खऱ्यापेक्षा जास्त असतो. एलएम-२५ सारख्या, घटकांची घट्ट मर्यादा असलेल्या मिश्रधातूसाठी एकदा बसवलेला दुरुस्तीचा गुणक चालून जातो. एडीसी-१२ चं तसं नाही. त्यात तांब्याला १.५ ते ३.५ टक्के आणि सिलिकॉनला ९.६ ते १२ टक्के इतकी मोकळीक आहे, आणि भंगारातून केलेल्या मालात प्रत्येक हीटला (वितळवलेल्या घाण्याला) आकडे हलतात. रचना मोजणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरचा त्या हीटचा निकाल घेऊन गुणक काढावा. ज्या उपकरणात रचना हाताने भरता येत नाही, फक्त ठरावीक मिश्रधातूंची यादी असते, ते भंगार वापरणाऱ्या फाउंड्रीने घेऊ नये.

कॅलिब्रेशनबद्दल विक्रेते सहसा एवढंच दाखवतात: ठरावीक टक्के हायड्रोजन असलेला नायट्रोजनचा सिलिंडर जोडायचा, आकडा जुळतो की नाही ते पाहायचं. हे आवश्यक आहे, पण त्याने फक्त ब्रिज, पंप आणि इलेक्ट्रॉनिक्स तपासलं जातं. प्रोब आणि रस यांच्यामधली बाजू त्यात येतच नाही. ती तपासायची एक चांगली पद्धत आहे आणि खरेदीआधीच्या चाचणीत तिचा आग्रह धरावा. एकाच लेडलमध्ये आधी शुद्ध नायट्रोजनने सुरुवात करून आकडा घ्या. मग वळशात अपेक्षेपेक्षा जास्त हायड्रोजन असलेलं मिश्रण भरून पुन्हा सुरुवात करा. पहिल्या वेळी आकडा खालून चढेल, दुसऱ्या वेळी वरून उतरेल. दोन्ही एकाच जागी येऊन थांबले तर समतोल खरा. मध्ये अंतर राहिलं तर प्रोबची छिद्रं बुजली आहेत, ढवळणं अपुरं आहे, किंवा वेळ कमी दिला आहे. दुसरी मोजणी होईपर्यंत रसही थोडा बदलतो, म्हणून शेवटी पहिली मोजणी पुन्हा करून पाहावी.

प्रयोगशाळेत घन नमुन्यातून व्हॅक्युममध्ये हायड्रोजन काढून मोजण्याशीही पडताळा घेता येतो. त्यासाठी नमुना तांब्याच्या साच्यात झटपट गोठवायचा, नाहीतर गोठतानाच वायू निसटतो. नमुन्याची बाहेरची साल कोरडी छिलून काढायची, कारण पृष्ठभागावरची ओलसुद्धा हायड्रोजन म्हणून मोजली जाते.

खराब काय होतं, तर बहुतेक वेळा प्रोबच. तो आघाताने फुटतो, तापमानाच्या झटक्याने तडकतो आणि रस साफ करायच्या क्षारांमुळे बुजतो. फ्लक्सचे क्लोराइड-फ्लोराइड वितळलेल्या अवस्थेत सिरॅमिकला भिजवतात, छिद्रांत शिरतात आणि मागून धातूही आत जातो. फ्लक्स टाकल्यावर ड्रॉस काढून, रस थोडा विसावल्यावरच मोजा. प्रोब ही संपणारी वस्तू आहे. दर मोजणीमागे तिची किंमत किती पडते हा हिशेब उपकरणाच्या किमतीइतकाच महत्त्वाचा आहे. नायट्रोजनही उच्च शुद्धतेचा आणि कोरडा लागतो. वेल्डिंगच्या दुकानातला साधा सिलिंडर जोडला तर त्यातली ओल आणि ऑक्सिजन दोन्ही मोजणीत ढवळाढवळ करतात.

आणखी एक बारीक गोष्ट, जी आर्गॉनने डिगॅसिंग (रसात वायूचे बुडबुडे सोडून हायड्रोजन काढणं) करणाऱ्यांना माहीत हवी. रोटर (रसात फिरत बुडबुडे सोडणारा भाग) चालू असताना किंवा बंद केल्या केल्या प्रोब घातला तर आर्गॉनचे बुडबुडे सिरॅमिकला लागतात आणि तो वायू वळशात मिसळतो. आर्गॉनची उष्णतावाहकता नायट्रोजनपेक्षा कमी आहे, हायड्रोजनच्या उलट दिशेची. आकडा खाली येतो आणि डिगॅसिंग फारच छान झाल्याचा भास होतो. बुडबुडे थांबेपर्यंत थांबा, किंवा वाहक वायूही आर्गॉनच असलेली आणि त्यासाठी कॅलिब्रेट केलेली जोडणी मागा.

कमी दाबाखाली नमुना गोठवायच्या चाचणीशी तुलना होणारच, कारण ती बहुतेक फाउंड्रीत आधीपासून असते आणि तिचा खर्च याच्या तुलनेत नगण्य आहे. साधारण ८० मिलीबारला एक नमुना गोठवायचा, दुसरा उघड्यावर, दोघांची घनता काढायची. २.६६ आणि २.५३ आली तर घनता निर्देशांक ४.९ टक्के. चाचणी चांगली आहे, पण ती हायड्रोजन मोजत नाही. ऑक्साइडच्या दुमडलेल्या पापुद्र्यांवर बुडबुडा सहज फुगतो, त्यामुळे हायड्रोजन तेवढाच असताना घाणेरडा रस वाईट निर्देशांक देतो आणि स्वच्छ रस चांगला. ओतकामाच्या दृष्टीने हे दोन्ही एकत्र कळणं उपयोगाचंच आहे. गडबड होते ती निदान करताना. निर्देशांक बिघडला म्हणून रोटर दहा मिनिटं जास्त चालवला, आणि दोष ऑक्साइडचा असला, तर भोवरा वाढून ऑक्साइड आणखी वाढतं. नायट्रोजनवाल्या मापकाचं खरं मोल इथे आहे. हायड्रोजन ०.१० आणि निर्देशांक खराब, म्हणजे फिल्टर, रस ओतण्याची उंची आणि भंगाराची प्रत पाहा. हायड्रोजन ०.३० आणि निर्देशांक खराब, म्हणजे रोटर, त्याचा वेग आणि वायूचा प्रवाह पाहा. दोन्ही चाचण्या शेजारी ठेवल्या तरच हे वेगळं करता येतं. म्हणून मापक घेतल्यावर व्हॅक्युमची चाचणी बंद करू नका.

विद्युत-रासायनिक प्रोब हा दुसरा पर्याय. इंडियम मिसळलेलं कॅल्शियम झिर्कोनेट तापल्यावर प्रोटॉन वाहून नेतं आणि दोन बाजूंच्या हायड्रोजन दाबांच्या गुणोत्तरानुसार विद्युतदाब देतं. वायूचा वळसा फिरवावा लागत नाही, त्यामुळे रसातून ओढला जाणारा हायड्रोजनही फार थोडा, आणि सतत नजर ठेवायला ही पद्धत सोयीची. पण तिथेही मिळतो तो दाबच. तापमानाची आणि मिश्रधातूची दुरुस्ती तशीच करावी लागते.

पोलादवाल्यांनी हे उपकरण आपल्यासाठी नाही हे लक्षात घ्यावं. १६०० अंशांना असा प्रोब दहा मिनिटं टिकत नाही. तिथे नायट्रोजन फिरवण्याचंच तत्त्व एकदा वापरून फेकायच्या प्रोबवर चालतं आणि आकडा पीपीएममध्ये (दहा लाखांत किती भाग) येतो. हायड्रिस ही त्यातली जगभर वापरली जाणारी प्रणाली.

आपल्याकडे या उपकरणाची किंमत वसूल होण्याचे महिने म्हणजे जून ते सप्टेंबर. मे महिन्यातल्या दुपारी ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रता धरली तर हवेतल्या वाफेचा दाब येतो सुमारे १३ मिलीबार. जुलैत ३० अंश आणि ८५ टक्के धरले तर ३६ च्या आसपास, म्हणजे पावणेतीनपट. रसाच्या पृष्ठभागावर वाफ फुटून हायड्रोजन आत येतो आणि रोटरचे बुडबुडे तो बाहेर काढतात. या दोघांचा तोल जिथे साधतो त्याच्या खाली डिगॅसिंग कितीही वेळ चालवून जाता येत नाही, आणि ही तळरेषा पावसाळ्यात वर सरकते. चाकण-भोसरीसारख्या पट्ट्यात उन्हाळ्यात बसवलेली डिगॅसिंगची वेळ जुलैत अपुरी का पडते, त्याचं हे कारण. मापक असेल तर डिगॅसिंगआधी, ४, ८ आणि १२ मिनिटांनी रोटर थांबवून आकडे घेता येतात. वक्र कुठे आडवा होतो ते दिसलं की त्यापुढचा वेळ, वायू आणि रोटरची झीज वाचवता येते. पावसाळ्याचा वक्र वेगळा काढून भट्टीशेजारी लावून ठेवावा. इनगॉट (धातूच्या लाद्या) आणि भंगार आधी तापवून कोरडं करणं, लेडलचं नवं अस्तर पूर्ण भाजणं, यातल्या कशाने किती फरक पडला तेही याच आकड्यांवरून ठरवता येतं. अंदाजावर चाललेल्या वादांना तिथे उत्तर मिळतं.

कोणी घेऊ नये? फक्त हाय-प्रेशर डायकास्टिंगमध्ये (रस जोराच्या दाबाने धातूच्या साच्यात भरून) साधी कव्हरं आणि ब्रॅकेटं काढणाऱ्यांनी. तिथल्या बहुतेक पोकळ्या साच्यात कोंडलेल्या हवेच्या आणि ल्युब्रिकंटच्या वाफेच्या असतात. रसातला हायड्रोजन निम्म्यावर आणूनही रिजेक्शनमध्ये फारसा फरक दिसणार नाही. त्यांनी तो पैसा व्हेंटिंग (साच्यातून हवा बाहेर जाण्याच्या वाटा), व्हॅक्युम झडप आणि स्प्रेच्या नियंत्रणात घालावा.

ऑर्डर देताना पुढच्या गोष्टी लेखी घ्या: ढवळण्याची यंत्रणा किमतीत धरलेली, रचना हाताने भरण्याची सोय, प्रोबची दर नगाची किंमत आणि पोहोचायला लागणारा वेळ, गळती तपासण्याची पद्धत, कॅलिब्रेशनच्या वायूचा सिलिंडर भारतात कुठे भरून मिळतो, आणि खालून-वरून येणाऱ्या दोन आकड्यांची चाचणी तुमच्याच भट्टीवर, तुमच्याच मिश्रधातूत करून दाखवण्याची अट. ही चाचणी पार पडेपर्यंत शेवटचा हप्ता रोखून ठेवा.